बेचक्यातलं पहिलं फूल

तौनो फूल खुडत नाही.
चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली,
जहाजांच्या पोटातून लोखंड उपसलं,
पण दोन बोटांत मावेल एवढ्या
पांढऱ्या फुलाशी त्याचा हात अडतो.
मग तो भिंतीवर टकटक करतो. दोनदा.
मी कॉफी तशीच टाकून
सपाता घासत पलीकडे जाते.

कोक्कोला, मार्चचा पहिला आठवडा.
समुद्रावरून अजून माणसं चालत जातात.
आत खिडकीत अकरा कुंड्या,
वर जांभळा दिवा.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं,
म्हाताऱ्याने घरातच नाइटक्लब काढलाय.

बी कुठल्याशा जहाजावरच्या आचाऱ्याचं.
त्रिनिदादचा होता. तौनोला नाव आठवत नाही,
हसणं आठवतं.
काडेपेटीत सात बिया दिल्या आणि म्हणाला,
'मिरची चिरलीस की डोळे चोळू नकोस.'
पहिली मिरची चिरली त्या संध्याकाळी
तौनोने चोळले.
ही अकरा त्या बियांची पणतवंडं.

रोप वीतभर. अंगावर आठ पानं.
आणि खोडाला जिथे बेचकं फुटतं
तिथे ही बया आधीच नटून बसलेली,
मान खाली घालून,
आपण काहीच केलं नाही अशी.

'आत्ता फळ धरलं तर मुळं खुरटतील,'
हे मी म्हणायचं असतं.
पुस्तकात वाचलंय त्याने.
करायला मात्र मी.
चिमटा. टक्.
देठावर ओल येते, थेंबसुद्धा नाही.
तेवढा वेळ तो बाहेर बर्फाकडे बघत राहतो,
जणू बर्फात काही घडतंय.

खुडलेली फुलं मी बशीत ठेवते.
त्या दिवशी तेवीस झाली.
बशी बघून काय झालं कोण जाणे,
बोलत सुटले:
मी पंधराची असताना आईने
शाळेतून नाव काढलं,
हेरिंग खारवायच्या कारखान्यात लावलं.
'आत्ता थांब, पुढे बघू,' म्हणाली.
घरात सहा तोंडं, पोटाला चिमटा,
त्यातला एक मला.
वाईट नव्हती ती. तिचीही बोटं खवल्यांनी चिरलेली.
पण मुळं वाढली ती कुणाची?
धाकट्या भावाची. तो इंजिनिअर झाला.
नाताळला कार्ड पाठवतो.

तौनो म्हणाला, 'ओर्वोक्की,
तुझ्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा.'
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, 'शेंडा तर तूच खुडलास.'
हसलो दोघंही, जरा जास्तच.

अकराव्या कुंडीतलं एक फूल राहिलं.
राहिलं म्हणजे, मी राहू दिलं.
पानाआड होतं.
तौनोने पाहिलं, बोलला नाही.
मधमाशी अजून दोन महिने लांब,
म्हणून दुसऱ्या दिवशी
नातीच्या रंगपेटीतला कुंचला काढून
तो त्या फुलात फिरवत बसला होता,
जीभ दातांत धरून.
क्रेनचा दांडा असाच धरत असेल.

मेमध्ये एक मिरची लागली.
सुरकुतलेली, अंगठ्याच्या नखाएवढी.
रोप तिथेच अडलं: एक वीत, चार बोटं.
बाकीची दहा आता बाल्कनीत
माझ्या खांद्याला लागतात.
ऑगस्टात लाल होतील,
तौनो वाटून बाटल्या भरेल,
जिन्यातल्या सगळ्यांना वाटेल,
आणि खालच्या गुनवोरच्या नाकाला मिरच्या झोंबतील,
तिची बाटली लहान म्हणून.
पुस्तक खोटं नाही.

पण ती एक आम्ही जूनमध्येच खाल्ली.
रात्रीचे अकरा, सूर्य अजून गोदामांच्या छपरावर,
माशाच्या सुपात अर्धी तुझी, अर्धी माझी.
तौनोच्या कानांच्या पाळ्या पेटल्या.
मला उचकी थांबेना.
तो पाणी आणायला उठला
आणि मी, चिरलेल्या त्याच बोटांनी,
डोळे चोळले.

बरं झालं.
कारण सांगावं लागलं नाही.